‘कलकत्ता’ नावाची लिंक: पॅकेज बांधणाऱ्यांनी काय जपलं, काय हरवलं



एखाद्या पेपरचं समीक्षण कसं करायचं हे आपल्याला कोर्सवर्कमध्ये शिकवतात. नमुना किती, कंट्रोल होता का, आकडेमोड बरोबर आहे का, सगळं तपासतो. पण तो पेपर ज्या सॉफ्टवेअरवर उभा असतो त्याचं समीक्षण आपण कधी करत नाही. ‘इन्स्टॉल झालं, चाललं, बस्स’ एवढ्यावर विषय संपतो.

आज मी एका अगदी छोट्या गोष्टीचं समीक्षण करणार आहे. ती एक फाईल लिंक आहे, तिचं नाव ‘एशिया/कलकत्ता’. तुमच्यापैकी ज्यांच्या डेटामध्ये तारीख आणि वेळ असा कॉलम आहे, त्यांचा या लिंकशी संबंध आलेला आहे. कळलं नसेल एवढंच.

माझी चूक आधी सांगते

मी देवळीजवळच्या कपाशीच्या शेतांत तापमानाची नोंद घेते. झाडोऱ्याच्या उंचीवर लॉगर लावलेत, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. हा सगळा डेटा विभागातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर डेटाबेसमध्ये साठवलेला आहे आणि तो डेटाबेस कंटेनरमध्ये चालतो. मागच्या हिवाळ्यात मी कंटेनरची इमेज नवी केली. आवृत्तीचा नंबर न देता सरळ ‘लेटेस्ट’ लिहिलं. ही पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी विंडोज लॅपटॉपवरचा जावा प्रोग्राम डेटाबेसला जोडलाच जाईना. संदेश असा, की टाइमझोन या सेटिंगसाठी ‘एशिया/कलकत्ता’ हे मूल्य चालत नाही. आदल्या दिवसापर्यंत चालत होतं! रात्रीचे अकरा वाजलेले, संशोधन सल्लागार समितीपुढचं सादरीकरण चार दिवसांवर. मी काय केलं, तर लॅपटॉपच्या बाजूने टाइमझोन ‘यूटीसी’ करून टाकला. झालं, जोडला गेला. ही दुसरी चूक आणि ती जास्त मोठी.

घरी आलेख उघडून बसले होते. बाबा चहा घेऊन शेजारी बसले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “का वं, सकाळी साडेनऊलेच एवढं तपते का आपल्याइकडं?”

ऑक्टोबरचा डेटा होता. दिवसाचं कमाल तापमान दुपारी तीनच्या सुमाराला यायला हवं, ते साडेनऊला दिसत होतं. बरोबर साडेपाच तासांचा फरक. आकडे सगळे खरे, फक्त त्यांच्यापुढची वेळ सरकलेली. आलेख दिसायला इतका देखणा होता, की ‘झाडोरा सकाळी फार लवकर तापतो’ असं एक वाक्य मी अहवालात लिहूनही ठेवलं होतं. बाबांनी शेतात पस्तीस वर्षं काढली नसती तर ते वाक्य समितीपुढे गेलं असतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कालपर्यंत चालणारं नाव आज अमान्य कसं झालं?

लिंक म्हणजे काय, दोन उदाहरणांत

बाजारात एखाद्या बंद शटरवर पाटी दिसते: ‘आमचे दुकान समोरच्या गल्लीत हलवले आहे.’ पाटीत माल नसतो, फक्त पत्ता असतो. ही झाली सिमलिंक, म्हणजे सॉफ्ट लिंक. समोरच्या गल्लीतलं दुकानही बंद झालं, तरी पाटी तशीच लटकत राहते. तुम्ही पत्त्यावर जाता आणि तिथे काही नसतं. याला तुटलेली लिंक म्हणतात.

आता दुसरं उदाहरण. आपल्याकडे एकाच बाईला माहेरी एका नावाने हाक मारतात, सासरी दुसऱ्या. बाई एकच. कुठलं नाव ‘खरं’ आणि कुठलं ‘टोपण’ असा भेद तिच्या अंगावर कुठे लिहिलेला नसतो. एक नाव लोक विसरले तरी बाई आहेच. ही हार्ड लिंक. डिस्कवर फाईलचा जो मूळ क्रमांक असतो, ज्याला इनोड म्हणतात, त्याला लावलेली दोन सारख्याच मानाची नावं.

फरक नीट लक्षात घ्या. सिमलिंकमध्ये ‘हे नाव त्या नावाकडे बोट दाखवतं’ ही माहिती शिल्लक असते. हार्ड लिंकमध्ये ती राहत नाही. आणि फाईलची सरळ प्रत काढली, तर दोन नावांचं काही नातं होतं हेसुद्धा उरत नाही. पॅकेज बांधणारा माणूस या तिन्हींपैकी काय निवडतो, यावर पुढे बरंच काही अवलंबून असतं.

लिंकची जन्मकथा

जगातल्या जवळजवळ सगळ्या संगणकांना कुठल्या ठिकाणी कधी किती वाजलेले असतात हे सांगणारा एक खुला डेटाबेस आहे, टीझेड डेटाबेस. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो १९८० च्या दशकात सुरू केला. २०११ पासून तो आयएएनए या संस्थेच्या छत्राखाली आहे आणि पॉल एगर्ट त्याचं समन्वयन करतात. लिनक्सवर तो ‘टीझेडडेटा’ नावाच्या पॅकेजमधून येतो.

या डेटाबेसचा एक नियम आहे. १९७० नंतर ज्या प्रदेशातली सगळी घड्याळं एकसारखी चालली, त्याला एकच नाव पुरे, आणि ते नाव तिथल्या सगळ्यात जास्त वस्तीच्या शहराचं. भारताच्या वाट्याला आलं ‘एशिया/कलकत्ता’. शहराचं नाव २००१ मध्ये अधिकृतपणे कोलकाता झालं. डेटाबेसमध्ये तो बदल २००८ मध्ये झाला. तेव्हापासून खरं नाव ‘एशिया/कोलकाता’ आणि जुनं नाव ‘बॅकवर्ड’ या वेगळ्या फाईलमध्ये एका ओळीच्या लिंकच्या रूपात उरलं.

इथपर्यंत मला काही तक्रार नाही, उलट कौतुक आहे. डेटाबेसच्या मार्गदर्शक टिपणात स्पष्ट म्हटलंय, की नाव बदललं तर जुनं लेखन लिंक म्हणून ठेवावं, म्हणजे ते पुढेही चालत राहील. नाव बदलण्याची ही सभ्य पद्धत आहे. आपल्यापैकी किती जण आपल्या स्क्रिप्टमधल्या कॉलमचं नाव बदलताना जुन्या नावाची एवढी काळजी घेतात?

पहिली त्रुटी: लिंक कारण सांगत नाही

आता टीका. ‘बॅकवर्ड’ फाईलमध्ये सगळ्या लिंक एकाच जातीच्या नाहीत. काही फक्त लेखन बदललेल्या आहेत, जसं कलकत्ता ते कोलकाता, किंवा २०२२ मध्ये झालेलं कीव्ह या शहराच्या रोमन स्पेलिंगचं बदलणं. काही १९९३ पूर्वीच्या जुन्या नामकरण पद्धतीच्या आहेत. आणि काही अशा, की दोन वेगळ्या शहरांची १९७० नंतरची घड्याळं सारखी म्हणून एकाला दुसऱ्याची लिंक केलेली. ओस्लोचं नाव आज तिथे बर्लिनची लिंक आहे.

या तीन गोष्टी संशोधकाच्या दृष्टीने फार वेगळ्या आहेत. पहिल्यात काही हरवत नाही. तिसऱ्यात १९७० पूर्वीचा इतिहास हरवू शकतो. मूळ फाईलमध्ये या गटांवर शीर्षकाच्या टिपाही आहेत, म्हणजे लिहिणाऱ्यांना फरक नीट ठाऊक आहे. पण इन्स्टॉल करताना काय होतं? ‘झिक’ नावाचा कंपायलर लिंकची ओळ वाचतो आणि जमेल तर हार्ड लिंक करतो, नाही जमलं तर सिमलिंक, तेही नाही जमलं तर सरळ प्रत. टिपा मागेच राहतात. तुमच्या डिस्कवर पोचतं ते फक्त ‘हे नाव म्हणजे ते नाव’. का, कुठल्या अर्थाने, किती काळापुरतं, काही नाही.

आपल्या भागाशी जोडून बघा. टीझेडमध्ये ‘एशिया/मुंबई’ नाही, आणि नियमाप्रमाणे असायची गरजही नाही. पण भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली तरी मुंबई शहर १९५५ पर्यंत आपल्या स्थानिक वेळेला धरून होतं. ती वेळ ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. समजा तुमच्याकडे १९२० सालची मुंबईतली एखादी नोंद आहे आणि ती त्या स्थानिक वेळेत घेतलेली आहे. तुम्ही सोयीसाठी आपल्या मशीनवर ‘एशिया/मुंबई’ नावाची लिंक करून ती कोलकात्याकडे वळवली. प्रोग्राम एका शब्दाने तक्रार करणार नाही आणि उत्तर ३९ मिनिटांनी चुकेल. मनाने केलेली लिंक ही अशी असते: दिसायला सोय, आत एक न तपासलेलं विधान.

दुसरी त्रुटी: पॅकेज वेगळं झालं, पण नाव वापरणारे पॅकेजबाहेर होते

उबंटूमध्ये आणि पुढे डेबियन १३ मध्ये एक बदल झाला. टीझेडडेटा पॅकेजचे तुकडे केले. मुख्य पॅकेजमध्ये खंड आणि शहर या चालू पद्धतीची नावंच ठेवली. ‘बॅकवर्ड’ फाईलमधल्या जुन्या नावांच्या सिमलिंक ‘टीझेडडेटा-लेगसी’ या वेगळ्या पॅकेजमध्ये गेल्या. नव्या, सडपातळ इन्स्टॉलमध्ये, विशेषतः कंटेनरमध्ये, हे दुसरं पॅकेज आपोआप येत नाही. ‘कलकत्ता’ अमान्य होण्यामागे हे कारण असतं.

हा निर्णय चुकीचा होता का? मी तसं म्हणणार नाही. यादी स्वच्छ झाली, नवा माणूस जुनं नाव निवडणार नाही, आणि ज्याला हवं त्याला एका आज्ञेत जुनी नावं मिळतात. शिवाय मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जुनं नाव असेल तर पॅकेज अपडेट होताना ते नव्या नावात बदलण्याची सोयही ठेवलेली आहे. काळजी घेतलीय.

पण ही काळजी एका गृहीतकावर उभी आहे: नाव वापरणारा याच मशीनवर आहे. प्रत्यक्षात तसं नव्हतं. विंडोज आपल्या वेळेला ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ म्हणतं. युनिकोडच्या सीएलडीआर या डेटाच्या तक्त्यात त्याचं रूपांतर होतं ‘एशिया/कलकत्ता’. सीएलडीआरने स्थैर्यासाठी जुनंच नाव आपली ओळख म्हणून धरून ठेवलं आहे. त्यामुळे विंडोजवरचा जावा प्रोग्राम ‘कलकत्ता’ सांगतो, क्रोम ब्राउझरही वर्षानुवर्षं तेच सांगत आलाय. पोस्टग्रेस डेटाबेसचा जावा ड्रायव्हर जोडणी करतानाच हे नाव सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर आपल्या लिनक्सच्या टीझेडडेटामध्ये बघतो. लिंक नसेल तर जोडणी नाकारली जाते.

बघा, यात कुणीही नियम मोडलेला नाही. टीझेडवाल्यांनी लिंक ठेवली. सीएलडीआरवाल्यांनी स्थैर्य ठेवलं. डिस्ट्रिब्युशनवाल्यांनी पॅकेज उपलब्ध ठेवलं. तरी देशभरातले लोक एकाच संदेशावर अडकले, कारण दोघांच्या स्थैर्याच्या व्याख्यांमधला पूल ती एक सिमलिंक होती आणि पूल कुणाच्या हिशेबात धरलेला नव्हता. पॅकेज मॅनेजर ‘हे पॅकेज त्या पॅकेजवर अवलंबून आहे’ हे मोजतो. दुसऱ्या शहरातल्या लॅपटॉपवरून तारेतून येणारं नाव तो मोजू शकत नाही. तुमच्या सीएसव्ही फाईलमध्ये लिहिलेलं नावसुद्धा नाही.

माझी टीका म्हणूनच अशी: लिंक हलवण्याला हरकत नाही, पण तिचं नसणं मुकं आहे. संदेशात एवढंच येतं की नाव अमान्य. ‘हे जुनं नाव आहे, नवं नाव कोलकाता, किंवा लेगसी पॅकेज घाला’ हे सांगायची जागा या साखळीत कुठेच नाही. ज्याला कारण कळत नाही तो रात्री अकरा वाजता माझ्यासारखा यूटीसी लावून मोकळा होतो.

तिसरी त्रुटी: प्रत काढली की नाव हरवतं

लिनक्सवर मशीनची वेळ ठरवणारी ‘लोकलटाइम’ नावाची फाईल ईटीसी फोल्डरमध्ये असते. ती सिमलिंक असते आणि झोनइन्फो फोल्डरातल्या कोलकात्याच्या फाईलकडे बोट दाखवते. सिस्टमडीच्या मार्गदर्शकात स्पष्ट लिहिलंय, की ही साधी फाईल किंवा हार्ड लिंक असता कामा नये. कारण टाइमझोनचं नाव फाईलच्या आत नसून लिंक कुठे बोट दाखवते त्यात असतं.

पण कंटेनर तयार करताना बरेच जण ही फाईल सरळ कॉपी करतात. घड्याळ बरोबर दाखवतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. नाव मात्र गेलेलं असतं. मग जावासारखं सॉफ्टवेअर काय करतं, तर झोनइन्फो फोल्डरातल्या फाईलींशी ही प्रत ताडून बघतं आणि जी आधी जुळेल तिचं नाव घेतं. कलकत्ता आणि कोलकाता यांच्या आतला मजकूर सारखाच! म्हणजे फोल्डरमध्ये कोण आधी सापडतं यावर तुमच्या टाइमझोनचं नाव ठरणार.

हे उदाहरण मला फार बोलकं वाटतं. आपण समजतो माहिती फाईलमध्ये असते. कधीकधी ती बोट दाखवण्यात असते, आणि प्रत काढणारा नेमकं तेच पुसून टाकतो.

हीच कथा तुमच्या इतर पॅकेजांत

टाइमझोनशी तुमचा संबंध नसेल तर थोडं इकडे बघा.

हवामानाचा डेटा वाचायला नेटसीडीएफ लायब्ररी लागते. लिनक्सवर अशा लायब्ररीला तीन नावं असतात: पूर्ण आवृत्तीची खरी फाईल, मुख्य क्रमांकाची सिमलिंक आणि क्रमांक नसलेली सिमलिंक. डेबियनमध्ये पहिली दोन मूळ पॅकेजात येतात, तिसरी ‘डेव्ह’ पॅकेजात. म्हणून ‘लायब्ररी तर आहे, पण कंपाइल करताना सापडत नाही’ हा अनुभव येतो. डेव्ह पॅकेज घातलं की संपलं. पण विद्यार्थी एकमेकांना सल्ला काय देतात? ‘१९ नंबरच्या फाईलला १८ नावाची लिंक मारून टाक, चालेल.’ तो मुख्य क्रमांक बदलतो तेव्हाच, जेव्हा जुन्या प्रोग्रामशी आतला करार मोडलेला असतो. अशी लिंक म्हणजे खोटा दाखला. प्रोग्राम लगेच कोसळला तर तुमचं नशीब, कारण तो चालला आणि चुकीचे आकडे देऊ लागला तर कळणारही नाही.

कोंडा प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये फाईली कॉपी करत नाही, शक्य असेल तिथे आपल्या साठ्यातून हार्ड लिंक करतो. जागा वाचते, छान कल्पना आहे. पण एखाद्या पॅकेजच्या फाईलमध्ये ‘फक्त या एन्व्हायर्नमेंटपुरता’ बदल म्हणून तुम्ही तीच फाईल जागेवर बदलली, तर साठ्यातली आणि इतर एन्व्हायर्नमेंटमधलीही बदलू शकते. बाई एकच, नावं दोन.

पायथॉनचं व्हील पॅकेज तर सिमलिंक ठेवतच नाही, कारण ते एक झिप आहे आणि त्याच्या प्रमाणात लिंकला जागा नाही. लायब्ररीची तीन नावं द्यायची तर तीन प्रती. २०२४ मध्ये पेप ७७८ या प्रस्तावाने हे बदलायचा विचार मांडला. प्रश्न फक्त जागेचा नाही. सगळ्याच फाइल सिस्टिम सिमलिंक ठेवत नाहीत. गिटमधून घेतलेला प्रोजेक्ट विंडोजवर उघडला की कधीकधी लिंकच्या जागी एक छोटी टेक्स्ट फाईल दिसते, आत फक्त पत्ता. आणि पेनड्राइव्हवर, जो बहुधा फॅट किंवा एक्सफॅट असतो, सिमलिंक राहूच शकत नाही.

या सगळ्यात नियम चांगला लिहिलाय तो डेबियनच्या धोरणात. एकाच वरच्या फोल्डरच्या आतली लिंक सापेक्ष ठेवा, म्हणजे ‘इथून दोन घरं पुढे’ अशी. एका वरच्या फोल्डरातून दुसऱ्यात जाणारी लिंक पूर्ण पत्त्याची ठेवा. कारण साधं आहे: उद्या कुणी एखादा मोठा फोल्डरच दुसऱ्या डिस्कवर नेऊन त्याची लिंक केली, तर ‘दोन घरं पुढे’ मोजताना भलत्याच गल्लीत पोचाल. नियम दोन वाक्यांचा आहे, पण त्यामागे कितीतरी तुटलेल्या लिंकचा अनुभव आहे. संशोधनात आपण ज्याला पद्धतिशास्त्र म्हणतो, ते याहून वेगळं काय असतं?

तुम्ही काय कराल

उपदेश नाही, मी स्वतःसाठी भिंतीवर लावलेली यादी देते.

१. कंटेनरच्या इमेजला आवृत्तीचा नंबर द्या. ‘लेटेस्ट’ हा नंबर नाही, तीही एक हलती पाटीच आहे.

२. वातावरण बदलण्याआधी आणि नंतर तुटलेल्या लिंक शोधा. ‘फाइंड’ आज्ञेला ‘-एक्सटाइप एल’ दिलं की तुटलेल्या सिमलिंकची यादी मिळते. एखादी लिंक शेवटी कुठे पोचते ते ‘रीडलिंक -एफ’ सांगतं.

३. प्रोजेक्ट दुसरीकडे न्यायचा तर टार करून न्या. टार सिमलिंक लिंक म्हणूनच ठेवतं. झिप मूळ सवयीने लिंकमागची फाईलच उचलतं, लिंक ठेवायची तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. पेनड्राइव्हवर उघडे फोल्डर कॉपी करू नका, टार केलेली एकच फाईल न्या. ‘आरसिंक -ए’ सिमलिंक जपतं, पण हार्ड लिंक जपायला ‘-एच’ मोठ्या लिपीत वेगळं द्यावं लागतं.

४. स्वतः सॉफ्टवेअर बांधून पॅकेज करत असाल तर ‘डेस्टडिर’ देऊन तात्पुरत्या फोल्डरात इन्स्टॉल करा आणि आतल्या सिमलिंक तपासा. एखादी तुमच्या बिल्ड फोल्डरकडे बोट दाखवत असेल, तर ती फक्त तुमच्याच मशीनवर चालेल. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वाक्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

५. आवृत्तीचा क्रमांक खोटा करणारी लिंक हाताने करू नका. अगदीच करावी लागली, तर कारण आणि तारीख ‘रीडमी’ फाईलमध्ये लिहा. मूळ लिंक कारण सांगत नाही, निदान तुम्ही तरी सांगा.

६. वेळ साठवताना यूटीसीमध्ये साठवा आणि बाहेर काढताना प्रत्येक नोंदीसोबत ‘+०५:३०’ असा फरक लिहून काढा. अहवालात टाइमझोनचं नाव आणि टीझेडडेटाची आवृत्तीही लिहा. मी हे केलं असतं तर साडेनऊ वाजताच्या आकड्यापुढे ‘+००:००’ दिसलं असतं आणि बाबांना चहा थंड करावा लागला नसता.

७. आणि शेवटचं. अडचण दूर करणारा उपाय सापडला की लगेच थांबू नका. त्या उपायाने आणखी काय बदललं हे एका माहीत असलेल्या आकड्यावर तपासा. दुपारचं ऊन दुपारीच पडतंय ना, इतकं साधं.

निकाल

समीक्षणाच्या शेवटी निकाल द्यावा लागतो. टीझेड डेटाबेसच्या जुन्या नावांच्या धोरणाला मी चांगलं म्हणेन, खुल्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्यात जबाबदार धोरणांपैकी एक. पॅकेज वेगळं करण्याचा निर्णय समर्थनीय आहे, पण जुनं नाव नाकारलं गेल्यावर माणसाला वाट दाखवण्यात तो कमी पडतो. आणि लिंक ही कल्पना मुळातच एक वचन आहे, ‘या नावाने विचाराल तर ते मिळेल’ असं. वचन कुणी, का आणि कधीपर्यंत दिलं हे लिहायला मात्र फाइल सिस्टिममध्ये जागा नाही. ती जागा आपल्या नोंदवहीत आहे.

सादरीकरणाचं काय झालं विचाराल, तर मी रात्रभर बसून आलेख पुन्हा काढले, सर्व्हरवर लेगसी पॅकेज घातलं, प्रोग्रामच्या बाजूनेही नाव कोलकाता केलं. समितीतल्या एका सरांनी दुपारी तीनच्या शिखराकडे बघून मान डोलावली आणि पुढची स्लाईड विचारली. अहवालातलं ते ‘लवकर तापतो’ वालं वाक्य मी खोडलं, पण फाईल जपून ठेवलीय. पुढच्या वेळी एखादा आलेख फारच देखणा वाटला, की ती उघडून बघते.